आधी आईला

११ जानेवारी
'श'ची डबी सुरू झाली. शहपुऱ्याच्या त्या मुलीच्या रक्तापासून घडवलेल्या पेशी, आज सकाळी पाहते तर हृदयाच्या होऊन ठोके देतायत. एवढ्या वर्षांच्या उठाठेवीत हे कितीदा पाहिलं असेल, तरी सूक्ष्मदर्शकावरून उठवेना. माझ्या विद्यार्थिनीचा, पल्लवीचा, पूर्ण प्रबंध 'श'वर अडकलेला. ती धावत जाऊन खोव्याची जलेबी घेऊन आली. मुलीचा भाऊ हृदयानेच गेला, तिलाही तोच आजार. हृदय कुठे बिघडतं ते आता डोळ्यांसमोर पाहता येईल.
फक्त एक. ठोक्यांची चाल ओळखीची वाटली. चालता चालता थबकते, मग घाईघाईने दोन ठोके. अशी शेजारच्या डबीतली 'आ' चालते.
योगायोग. जलेबी खा आणि गप्प बस.

१४ जानेवारी
आईला जाऊन वर्ष झालं नाही म्हणून घरी संक्रांत नाही. तरी शेजारच्या तिवारीभाभी लाडू देऊन गेल्या. बाबा मटर सोलत बसलेले. पनागरचा मटर, आईसारखाच पोतंभर आणलाय, खाणारी माणसं दोन. मी वर्षश्राद्धाचा विषय काढला. तिथी फेब्रुवारीत येते, गुरुजींना आत्ताच सांगायला हवं.
बाबा म्हणाले, "श्राद्ध मेलेल्या माणसाचं करतात बेटा. ती तर तुझ्याकडे आहे."
हसले नाहीत. चूक माझी. दिवाळीत त्यांना लॅबमध्ये नेऊन 'आ' दाखवली, आईच्या रक्तापासून वाढवलेल्या पेशींची डबी. तुलनेसाठी निरोगी माणसाचा नमुना हवा होता तेव्हा आईनेच हात पुढे केला होता. घरचं माणूस, संमतीची सही स्वयंपाकघरात. बाबा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून किती वेळ बसले होते. फॅक्टरीत जन्मभर मापं तपासलेला माणूस. उठताना एवढंच विचारलं, "हे कधी बंद होते का?" मी ऐटीत म्हणाले, मी जेवण घालते तोवर नाही.

१५ जानेवारी
रात्री झोप नाही, म्हणून लिहून ठेवते. आई होती तोवर 'आ' सरळ, घड्याळासारखी चालायची. थबकायला लागली ती आई गेल्यावर. शेवटच्या महिन्यांत आईचे ठोके असेच चुकायचे. बाबा तिचं मनगट धरून बसत आणि माझ्याकडे बघत.
मी हे कुणाला बोलले नाही. कोण काय म्हणेल ते माहीत आहे, कारण मीच म्हटलं असतं.

२० जानेवारी
'श'च्या नव्या डब्या लावल्या. सगळ्या तशाच थबकतात. पल्लवी सूक्ष्मदर्शकावरून उठली, हात पुसत राहिली, मग 'आ'च्या डबीकडे बघत हळूच म्हणाली, "मैम, ये तो आंटी जैसी चल रही है।" मी तिला झापलं. दुपारपासून पाहतेय, ती पेटीच्या खोलीत शिरली की दार उघडं ठेवते. पेटी म्हणजे आमचा इन्क्युबेटर, आईच्या कुशीइतका ऊबदार, असं मीच पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत आले. आता ते वाक्य नको.
दोन्हीचे नमुने डीएनएवरून ओळख पटवायला बाहेर पाठवले. उगाच भुतं नकोत. काय ते कागदावर येईल.

२९ जानेवारी
आलं.
'श' आणि 'आ' एकाच व्यक्तीच्या. शहपुऱ्याची मुलगी आमच्या एकाही डबीत नाही. कधीपासून नाही, देव जाणे. ज्या ज्या डबीवर तिचं अक्षर आहे, तिथे आई आहे.
पल्लवी रडली. मी अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचला.

३० जानेवारी
कळलं कसं झालं ते. लिहायला लाज वाटते.
नियम शाळकरी आहे: ज्या पेशी जोमाने वाढतात त्यांना शेवटी हात लावायचा, आणि प्रत्येकीच्या जेवणाची, म्हणजे पोषकद्रवाची, बाटली वेगळी. आई गेल्यापासून रोज सकाळी पेटी उघडली की मी आधी 'आ'ला वाढत होते. घरात पहिलं पान तिचं असायचं, तेरवीला तिचंच पान आधी वाढलं, तो हात तसाच पुढे चालत राहिला. तिला वाढून उरलेली तीच बाटली मी 'श'कडे नेत होते. चारदोन पेशी बाटलीतून गेल्या असतील. तेवढ्या पुरतात.
दुसरी तपासणीही आली. 'आ'च्या पेशींत गुणसूत्राचा एक तुकडा जास्तीचा झालाय. म्हणून त्या दांडग्या, म्हणून बाकीच्यांना मागे सारतात, आणि चाल बिघडली तीही बहुतेक त्यामुळेच. बहुतेक. गोठवून ठेवलेल्या कुप्यांतही तेच निघालं. म्हणजे ती आईच आहे, आणि आई अशी नव्हतीही.
विभागप्रमुख शांतपणे म्हणाले, सगळं टाका, पेटी रिकामी करा, नव्याने सुरू करा. त्यांच्या जागी मीही हेच सांगितलं असतं. पुणं सोडून इथे आले तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं होतं, आता कारणही मिळेल.
मुलीच्या वडिलांना फोन केला. रक्त पुन्हा लागेल म्हटलं. ते म्हणाले, "आ जाएँगे दीदी, खून ही तो है।" मुलगी मागून विचारत होती, मेरा दिल दिखा क्या. मी आवाज येत नसल्याचं सोंग केलं.

२ फेब्रुवारी
बाबांना सांगितलं. आडपडदा न ठेवता सगळं. ते ऐकत होते, मटराचं शेवटचं साल बोटात धरून.
"काहून टाकून राहिली? बिमार आहे का ती?"
बिमार नाही म्हटलं, फार वाढते. दुसऱ्याला जागा ठेवत नाही.
त्यांनी साल टोपलीत टाकलं. मग म्हणाले, "म्हणजे त्या पोरीला तुझ्या आईनं खाल्लं?"
माझ्याकडे याला शास्त्रीय उत्तर आहे. दिलं नाही. ज्या बाईने कधी उरलेली भाकर स्वतःपुरती ठेवली नाही, तिच्याबद्दल हे ऐकवेना. मला बाबांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर भीती वाटली.
संध्याकाळी त्यांनीच गुरुजींना फोन लावला. मला म्हणाले, "तू तिकडं आटोप, मंग मी इकडं पिंड ठेवतो. आधी नाही."

८ फेब्रुवारी
उद्या श्राद्ध, आणि पेटीही उद्याच रिकामी करायची. पल्लवीला सुट्टी दिली. सगळ्या डब्यांना जेवण घातलं. गरज नव्हती.

९ फेब्रुवारी
सकाळी सुरू केलं. आधी ज्यांवर 'श' लिहिलंय त्या, मग 'आ'. डबी काढायची, ब्लीच ओतायचं. पेशी पांढऱ्या पडतात, सुटतात, गढूळ होतं. यात बघण्यासारखं काही नसतं. मी प्रत्येक डबी सूक्ष्मदर्शकाखाली धरली.
'आ'ची एक राहिली. ओतायला हात उचलला, आणि ती पेटीत परत ठेवून दार लावलं.
बाबांचा फोन. झालं का? हो म्हटलं. बरं, म्हणाले. मागे गुरुजी मंत्र म्हणत होते.
मग मी हात धुतले, रजिस्टर भरलं, चहा केला, प्यायला नाही.
आत्ता दुपारी परत फोन. आवाज अगदी खाली. "गच्चीवर पान ठेवून लई वेळ झाला बेटा. कावळे आले आहेत, कठड्यावर बसून राहिले. एकबी चोच लावून नाही राहिला. गुरुजी म्हणतात, तिचं मागं काही राहिलं असेल तर बोलून टाका. मी बोललो, जे जे होतं ते सगळं." थांबले. "तुझ्याकडं काही राहिलं का?"
फोन कट केलेला नाही. टेबलावर आहे, त्यातून कावळे ऐकू येतायत, आणि बाबांचा श्वास. मी पेटीच्या दारासमोर बसून हे लिहितेय.