उन्हात ठेवलेले सेल

बाबा, तुमच्या मुलानं तुम्हाला गच्चीवर उभं केलंय, भर उन्हात, आणि वर डोक्याला ओला पंचा दिलाय. मला दिला होता कोणी पंचा? एक दिवस सोडला तर मे महिन्यात तुमचा पाय तरी लागला का त्या गच्चीला? मरून इतकी वर्षं झाली, आणि आता माझी जागा घेऊन उभे राहिलात.

तुम्हाला कळायचं नाही, म्हणून सांगते. मुलगा तुमचा इंदूरला कंप्यूटरचे खेळ बनवतो. आता जो बनवलाय तो डोळ्यांवर डबा बांधून खेळायचा. बांधला की आपलं देवास गेटजवळचं घरच समोर येतं, बाहेरची खोली, कूलर, तुमची खुर्ची. हातात तो विटांचा गेम, तुम्ही टॉवर चौकातून त्याच्यासाठी आणलेला. बटण दाबलं की छतातून एवढाल्या विटा पडायला लागतात, त्या फिरवून रचायच्या. सेल संपले की सगळं काळं. मग जिना चढून गच्चीवर जायचं. तिथे पत्र्यावर सेल तापत ठेवलेले आणि त्यांची राखण करत तुम्ही. सेल पुढे करता आणि म्हणता, "घे राजा, गरम आहेत तोवर खेळून घे." आवाज तुमचाच. माझ्या लग्नाच्या कॅसेटमधून काढला म्हणे. त्या कॅसेटमध्ये माझ्याशी एक शब्द बोललेला नाहीत तुम्ही, हलवायाशी भांडताय.

उभी मी असायचे. सातवीतून नाव काढलंत माझं, घरात काम आहे म्हणून, आणि काम काय, तर हे. संपलेले सेल उन्हात ठेवले की परत थोडे चालतात, आणि वानरं उचलून नेतात, म्हणून तुम्ही म्हणायचात, "ही बसलीये ना रिकामी, हिला पाठवा वर." रेल्वेत रात्रीची ड्यूटी तुमची, दुपारभर घरी लोळायचात. मी सेल जिन्याखाली आणून तुमच्या हातात द्यायचे, तुम्ही आत त्याच्याकडे न्यायचात, आणि दार लागायचं. आई स्वयंपाकघरात सगळं ऐकायची आणि भांडी घासत राहायची. एकदा उन्हाची लू लागून मी तिथेच पडले. तुमची चप्पल माझ्या तोंडाजवळ येते, मी बघतेय, आणि तुम्ही आधी सेल उचलता. सगळे आहेत का बघता. मग म्हणता, "ऊठ, पुरे झाली नाटकं."

मागच्या आठवड्यात तुमचा लेक आला आणि डबा माझ्याकडे ठेवून गेला. रविवारी कॅमेरा घेऊन येणार आहे नानाखेड्याला, माझ्या घरी. खेळाच्या जाहिरातीत मी सांगायचंय की आमचे बाबा मुलासाठी कसे उन्हात तापायचे. मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं रे? तर डोळे पुसायला लागला. टक्कल पडलं तरी रडतोच. म्हणाला, "बाबाच म्हणायचे ना ताई, मीच तापवून आणले तुझ्यासाठी." मी त्याच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली, बस. त्याचा काय भरवसा? लहानपणीही गोष्टी रचायचा, आणि तुम्ही मांडीवर घेऊन ऐकायचात.

हे पत्र कुठे टाकू? तुमची राख तर कधीच शिप्रेतून पुढे गेली. राहील इथेच, पिठाच्या डब्यामागे. पण एक सांगते, कोणाला बोलले नाही. रोज दुपारी मी तो डबा बांधते. विटांना हातही लावत नाही. सरळ गच्चीवर जाते आणि सेल घेतच नाही. मी घेत नाही तोवर तुम्हाला हलता येत नाही, तसंच बनवलंय त्यानं. घाम पुसता, माझ्याकडे बघता, परत म्हणता, घे राजा. मी खुर्चीत, पंखा फुल. डब्याचं चार्जिंग संपेपर्यंत उभं ठेवते तुम्हाला. बरं वाटतं.

आता बोला. मीच तापवले, असं तुम्ही त्याला खरंच म्हणाला होतात, की त्यानं रचलं? तुम्ही म्हणाला असाल तर कॅमेऱ्यासमोर तुम्हाला उघडं पाडते, त्यानं रचलं असेल तर त्याला. एकाला तर सोडत नाही. स्वप्नात या, नाहीतर कावळा होऊन खिडकीत बसा, मला चालेल. पण शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे.