अंगणातला तवा

१० फेब्रु. १९८१, मंगळ. सिंदी.

ट्रंक माळ्यावरून खाली आली तेव्हा मला कळलं. रविवारी भिलाईला जायचं, मुलाकडे. प्रकाशच्या बायकोला नोकरी लागली, बाळ कुणाजवळ ठेवायचं, तर आजीजवळ, म्हणजे माझ्याजवळ. ह्यांनी परस्पर होकार देऊन टाकला. घराला कुलूप. नातवावर जीव आहे माझा, तो प्रश्नच नाही. पण कुणी एक शब्दानं विचारलं असतं तर

११ फेब्रु., बुध.

दुपारी आभाळ काळंनिळं. मग गारा. आधी हरभऱ्यासारख्या, मग लिंबाएवढ्या. छपराचे कवेलू तडातड फुटले. कुंपणापलीकडून शांताबाई ओरडली (तिचं मागे वांग्या-टमाटरचं वावर), "बाई, तवा फेका ना आंगणात! पाहून काय राह्यल्या?"

गारा थांबाव्यात म्हणून इथे तवा पालथा फेकतात. ज्यानं फेकला त्यानंच उचलायचा. दुसऱ्याचा हात लागला तर गारा फिरून येतात म्हणे. लग्न होऊन आल्यापासून हसत आले मी ह्याला. आज फेकला. का, ठाऊक नाही.

थांबल्या तेव्हा अंगण पांढरं. तुळस, न्हाणीचा दगड, सगळं. दारात उभी राहिले आणि एकदम लहानपणचं शिमला. वडिलांची नोकरी, ते कॉन्व्हेंट. एका सकाळी घंटा झालीच नाही. सिस्टर व्हरांड्यात येऊन म्हणाल्या, आज बर्फ आहे, आज काही नाही. 'आज काही नाही.' त्यानंतर मला हे कुणी म्हटलेलं आठवत नाही.

लाइट गेले. रस्त्यावर झाड आडवं. ट्रंक उघडीच पडली. रात्री चिवडा.

"पोळ्या?" हे.

"तवा बाहेर आहे."

१२ फेब्रु., गुरु.

शांताबाईचं वावर झोपलं. कालच्या आनंदाची लाज वाटली, गेले तिच्याकडे. तरी तोंडातून निघालंच, किती पांढरंशुभ्र दिसत होतं.

"तुमले बरफ दिसला बाई, मले वांगे दिसले." मग स्वतःच हसली. "बसा ना, काऊन उभ्या? आज तोडाले काईच नाई. बाजारात जा लागत नाई. लगन झाल्यापासून असा दिवस नाई पाह्यला."

बांधावर बसलो. चहा झाला. तिनं केस उन्हात मोकळे सोडले, मी वेणी घातली.

"जावं वाटते का तुमले भिलाईले?"

"नाही."

इतक्या मोठ्यानं की मीच दचकले.

१३ फेब्रु., शुक्र.

गारा केव्हाच वितळल्या. तवा तिथेच.

हे : "उचल आता. भांडी बांधायचीत."

"तुम्ही उचला. तुमचा कुठे विश्वास आहे?"

हे तावातावानं गेले, वाकले. कुंपणापलीकडून लगेच, "हात नका लावू बरं, भाऊजी! माहे उरलेले टमाटर बी जातीन!" हात मागे. जन्मभर रेल्वेत सिग्नल सांभाळलेला माणूस! मला हसू आवरेना. त्या हसण्याच्या भरातच सांगून टाकलं : मी रविवारी येत नाही. बाळाला इथे आणा. ह्या अंगणात वाढवीन, शाळेत जाईपर्यंत. पण कुलूप लावून मी जाणार नाही.

"प्रकाशला काय सांगू?"

"सांगा, गारा पडल्या."

१४ फेब्रु., शनि.

अबोला. दुपारी शांताबाईनं भाकरी आणि गारांनी फोडलेल्या वांग्यांचं भरीत पाठवलं. हे जेवले. दुसरी भाकरी मागावीशी वाटली असणार, मागितली नाही.

संध्याकाळी पाहिलं तर तव्याच्या कडेला लाल गंज. सासूबाईंनी हातात ठेवलेला, माझ्या पहिल्या पोळीचा तवा. तेलाची वाटी घेऊन गेले, जागच्या जागी पुसून काढला, पालथाच. उचलला नाही.

वर पाहिलं तर हे दारात.

"मी एकटा गेलो तर तिथे मला विचारणार कोण..." आत गेले.

गाडी उद्या सकाळची. मी पायरीवर बसून लिहितेय, अजून उजेड आहे. आतून ट्रंकेचा आवाज येतोय. ह्यांचे कपडे त्यात खालीच आहेत, माझे वर. नुसते माझे काढताहेत की स्वतःचेही, इथून दिसत नाही. मी उठणार नाही.