डावा कान

१२ ऑक्टोबर १९८६

मालिनीनं आज परत माझ्या कानाचा विषय काढला! "आई, लग्नाच्या फोटोत एकाच कानात कुडी बरी दिसेल का हो?" म्हटलं, नवरी विनीता आहे, मी नव्हे. सून भली आहे माझी, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की करपलेलं पातेलं घासावं तशी घासत बसते.

डावा कान खालून फाटून दोन शेपट्या झाल्यात. कुणी विचारलं तर सांगते — डूल ओढला गेला. पुढचं विचारायची कुणाची छाती होत नाही.

१५ ऑक्टोबर

विनीता युनिव्हर्सिटीतून आली. ही नात जन्मली इथं अमेरिकेत, सनीव्हेलला, बोलते अर्धं इंग्लिश, आणि शिकते काय — तर संस्कृत! तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या कुणा वैद्याचा ग्रंथ. चिरफाड, टाके, पट्ट्या. त्यावर प्रबंध लिहिणार म्हणे.

"आजी, तुझा कान ह्यात आहे!"

"माझा? मला न विचारता?"

"सीरियसली! फाटलेला कान कसा जोडायचा, सगळं लिहिलंय."

कडा खरवडायच्या, रक्त येऊ द्यायचं. मग जुळवायच्या, मध-तूप लावायचं, कापूस ठेवून दोऱ्यानं बांधायचं. फार घट्ट नको, फार सैल नको. म्हटलं, पोरीची वेणी घालतात तसंच की. तर तेही हिनं वहीत लिहून घेतलं!

पुढं तो ग्रंथ तिबेटात गेला, अरबांकडे गेला. आणि आपल्या पुण्याकडं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीनं जोडलेलं इंग्रज साहेबांनी पाहिलं, लंडनला छापलं, मग तिकडचे डॉक्टर ते शिकले. "म्हणजे प्रतापकाकांची सर्जरी मुळात आपलीच, आजी!"

"आपली कशी? तू केलीस? जेवायला चल, पोळ्या गार होतायत."

१६ ऑक्टोबर

प्रताप म्हणजे माझ्या मुलाचा, श्रीरामचा मित्र. फाटलेलं-तुटलेलं दुरुस्त करणारा डॉक्टर. मालिनीनं त्याची सात नोव्हेंबरची अपॉइंटमेंट घेतली. कान माझा, आणि मला सगळ्यात शेवटी कळलं.

२० ऑक्टोबर

लिहूनच टाकते. इथं कोण बघतंय.

शोभानं ओढला होता. श्रीरामच्या पाठची माझी मुलगी. रांगायला लागली होती नुकती. मांडीवर उभी राहून हसत होती, डूल धरला, आणि खाली बसली धपकन! रक्त पाहून मी नाही रडले, तीच रडली. त्याच उन्हाळ्यात तापानं गेली.

फोटो नाही. झबली-टोपडी सासूबाईंनी देऊन टाकली. घरात तिचं नाव काढायचं नाही, असंही त्यांनीच ठरवलं. आता त्या गेल्या, आमचे हे गेले. श्रीराम तेव्हा एवढासा, त्याला काय आठवणार! जगात तिचं म्हणून उरलंय ते एवढंच. ही चीर.

ती शिवून टाकू म्हणतात.

१ नोव्हेंबर

नाही म्हणावं, तर कारण सांगावं लागेल. म्हणून गप्प आहे.

२ नोव्हेंबर

भाजी निवडत होते. विनीता समोर बसून त्या वैद्याचं वाचायला लागली. "हे क्यूट आहे, आजी, लिसन ना. बाळाचे कान थंडीत टोचायचे. सहाव्या, सातव्या, आठव्या महिन्यात. दाईच्या मांडीवर बसवून, गोंजारत. मुलीचा डावा आधी. कानातून ऊन आरपार दिसतं तिथंच टोचायचं."

हातातली मेथी तशीच राहिली. सगळ्यांचे कान बारशाला टोचले, पण शोभा अशक्त, म्हणून तिचे थंडीत टोचले. माझ्याच मांडीवर. सोनारानं तिचा कान उन्हाकडं धरला होता. लाल झाला होता, डाळिंबाच्या दाण्यासारखा.

हा मेला वैद्य आमच्या अंगणात येऊन बसला होता की काय!

"आजी, काय झालं?"

"काही नाही. मेथीत माती फार."

७ नोव्हेंबर

श्रीरामनं गाडीतून नेलं. प्रताप गोड बोलतो. "काकू, आधी जुन्या कडा कापून टाकू. ताज्या झाल्या की मग जुळतील." म्हणजे त्या वैद्यबाबाचंच म्हणणं! विचारलं, कापलेलं कुठं जातं?

"कचऱ्यात, काकू. अजून कुठं?"

उठले आणि पदर सावरून बाहेर आले. घरी आल्यावर मालिनी फोनवर तिच्या बहिणीला सांगत होती, "आई घाबरल्या." म्हणू दे.  

९ नोव्हेंबर

श्रीराम चहा घेऊन शेजारी येऊन बसला. कपाकडे बघतच म्हणाला, "आई, शोभी डूल सोडतच नव्हती ना गं? मूठ मीच उघडली होती तिची. एकेक बोट करून."

शोभी! ह्या नावानं तिला फक्त तोच हाक मारायचा.

"मेल्या, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुला त्रास होईल म्हणून."

चहा गार होईपर्यंत दोघं शोभीचंच बोलत बसलो. मग म्हटलं, प्रतापला फोन लाव. कान शिवायला आता हरकत नाही.