दिंडोरीच्या प्लॉटची मोजणी आणि लंकाबाईंचा संताप

ती. निवृत्तीमामा,
नमस्कार. लेस्टरच्या थंडीत तुमचा गुडघा कसा आहे, हे आईने विचारायला सांगितले आहे. मीही विचारते. घटनाक्रम असा :

१. रविवारी, १२ एप्रिलला, मी तुमच्या दिंडोरीच्या प्लॉटची मोजणी केली. साडेचार गुंठे. कागदाशी जुळते.
२. त्यातले पावणेदोन गुंठे शेजारच्या पुंजारामतात्यांच्या कांदाचाळीखाली आहेत. चाळ तेरा वर्षांची आहे.
३. तात्यांनी त्या जागेवर मालकी सांगितली.
४. त्यांच्या पत्नी लंकाबाईंनी ती घालवली.

तात्यांना कोणा वकिलाने सांगितले आहे की, दुसऱ्याची जागा उघडपणे, सलग बारा वर्षे, मालकाला न जुमानता वापरली की मालकाचा हक्क संपतो. (तुमच्या इंग्लंडात नोंदलेल्या जमिनीवर असा अर्ज आला तर आधी मालकाला नोटीस जाते, असे मी वाचले. इथे मालक लेस्टरला झोपला तर कोणी उठवत नाही.) कोर्टाची सुट्टी संपली की जूनमध्ये ते दावा लावणार आहेत. मला गंमत वाटली ती वेगळीच : विचारून आलेला माणूस पन्नास वर्षे राहिला तरी पाहुणा, आणि न विचारता आलेला बाराव्या वर्षी मालक! म्हणून टेप गुंडाळताना मी निव्वळ कुतूहलाने म्हटले, "तात्या, म्हणजे तुम्ही कधी कुणाला विचारलंच नाही?"

"नाय. कुणालाच नाय इचारलं," तात्या पाठ केल्यासारखे म्हणाले.

आत कांद्याची पात कापणाऱ्या लंकाबाई विळ्यासकट बाहेर आल्या. "इचारलं नाय? दर साली चाळ भरायच्या आधी गोणी घेऊन ताईंकडं कोण जातं? 'यंदा भरू का, ताई?' कोण म्हणतं? चोर हाय का आपण?"

"अगं, वकील म्हणला..."

"त्याला म्हणावं, लंकाबाई इचारल्याबिगर कुणाच्या ओट्यावर टेकत बी नाय!"

(ताई म्हणजे माझी आई. जागा तिच्यावर सोपवून तुम्ही गेलात. ती दरवर्षी "भरा की" म्हणायची आणि गोणी ठेवून घ्यायची. तिला तो शेजारधर्म वाटत होता. कायद्यात ती परवानगी आहे.)

चाळ पाडू नये असे मला वाटते. यंदाचा सगळा कांदा तिच्यात आहे आणि त्यांना दुसरी जागा नाही. तात्यांना एका ओळीची लेखी परवानगी द्या आणि त्यावर त्यांची सही घ्या. जागा तुमची राहील, चाळही राहील.

आपली,
वैष्णवी

ता. क. तशीच एक ओळ माझ्या नावेही पाठवा. तुमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर मी "इंजिनिअरिंग होईपर्यंत" म्हणून राहायला आले. इंजिनिअरिंग २०१८ मध्ये झाले. त्यानंतर तुम्ही काही म्हणाला नाहीत आणि मी काही विचारले नाही.

ता. क. २. माझी बारा वर्षे २०३० मध्ये भरतात, त्यामुळे माझ्या बाजूने घाई नाही. तरी ३१ मेपर्यंत उत्तर पाठवा.