नाव ठेवण्याची मुदत

४ मार्च १९८६, अ‍ॅडलेड

घोटाळा! आमच्या प्रोफेसर रडल्सनी तीस वर्षांपूर्वी एका ट्रायलोबाइटला, म्हणजे दगडात सापडणाऱ्या पुरातन समुद्री प्राण्याला, बायकोचं, वेल्माचं, नाव दिलं — वेल्मिया. त्यावरून अख्खं कुळ वेल्मिइडी. आणि आज म्युझियमच्या लायब्ररीत बघते तर काय — वेल्मिया नावाचा एक भुंगा १९०९ पासूनच आहे! एक नाव दोघांना चालत नाही, जुन्याचं राहतं. कुळ कोट्यवधी वर्षांपूर्वीच बुडालंय, आता नावही बुडालं.

आमच्यातली रीत अशी की, आधी ज्याची चूक त्याला कळवायचं आणि नवं नाव ठेवायला वर्षाची मुदत द्यायची. मग कोणीही ठेवावं. लगेच फोन केला.

१६ मार्च

क्वॉर्नला त्यांच्या घरी जाऊन आले. म्हातारा परसात सॉसेज भाजत होता. "तीस वर्षांत एक भुंगा सापडला होय गं, नोरीन?"

वेल्माबाई खूश! "सुटले बाई एकदाची. नवऱ्याने माझं नाव किड्याला दिलंय, हे किती जणांना सांगायचं?"

"किडा नाही तो!"

"पाय किती त्याला?"

प्रोफेसरांनी सॉसेज उलटलं. मी निघाले तेव्हा म्हणाले, बघतो.

२ जुलै

फोन केला. "प्रोफेसर, नाव?"

"घाई काय? पन्नास कोटी वर्षं थांबलेत ते."

नाव ठेवा म्हटलं तर मलाच नावं ठेवतात!

१९ नोव्हेंबर

भुंग्याची बातमी सिडनीला पोचली. तिथल्या एका तरुण विद्वानाने विचारलं, मुदत कधी संपते? सहज, म्हणे! नाव ठेवणाऱ्याचं आडनाव त्या नावापुढे कायमचं छापलं जातं. मी तेवीस वर्षं सुईने दगडातून हे प्राणी सोडवतेय, माझं नाव कुठेच नाही. निबंधांखालच्या आभारात दोनदा, त्यात एकदा चुकीचं. ते चालेल. पण प्रोफेसरांचंही जावं? फार राग आला त्यांचा. आळशी माणूस!

२७ फेब्रुवारी १९८७

पाच दिवस उरले. पुन्हा फोन. "ऊन फार आहे," म्हणाले.

५ मार्च

मुदत काल संपली. आज बसने पाकीट आलं. आत पूर्ण निबंध, टाइप केलेला, चित्रांसकट. तारीख गेल्या एप्रिलची. नावाची जागा कोरी. लेखक म्हणून एकटी मी — नोरीन टॉलक. सोबत चिठ्ठी: "मी मुदतीत ठेवलं असतं तर पुन्हा माझंच छापलं असतं. आजच्या टपालात टाक. वेल्माचं नको, ती म्हणतेय."

रडूच आलं. टपाल पाचला निघतं, आणि मला एक नाव सुचेल तर शपथ!