खोकला मलेच काऊन?

प्रियदर्शनीचे बाबा,

तुमी दरवाजाची चौकट द्याले गेले, म्हणून लिहून ठेवते. मी उटनूरले चालली, छातीचा फोटो काढाचा हाये. भाकरी टोपलीत हाये.

काल डॉक्टरनं विचारलं, घरात लाकूड कोण कापते? मी म्हणलं, आमचे हे, पण मास्क लावून कापते. मंग खोकला तुमाले पायजे होता, मले काऊन झाला? काईच समजून नाही राह्यलं. मी तं फक्त भुसा झाडते अन् शेगडीत ठासून भरते.

आज कोरडा झाडू मारू नका, पाणी शिंपडा.

लिहिता लिहिता आठवलं. तुमचा मास्क रोज मीच झटकते, उघड्या तोंडानं.

रुख्मिणी