आईची शीळ

जेजू बेट, कोरिया, २ नोव्हेंबर

थेसिकदादा,

वर्षभर लिहिलं नाही, माफ कर. हेही पाठवायचा धीर होणार नाही.

आईचे पुढचे चार दात पडले. शिंपले काढायला समुद्रात बुडी मारली की कवळी निसटते. डॉक्टर म्हणाले, हाडात पक्के दात बसवता येतील. मी आईला खोटंच सांगितलं, "तुझं हाड झिजलंय, जमणार नाही." वाटलं, आता तरी बुड्या मारणं सोडेल.

पण ती कवळी काढून पाण्यात उतरते. वर आल्यावर श्वास सोडताना वाजणाऱ्या शिळेवरूनच या बुड्या मारणाऱ्या बायका एकमेकींची खबर ठेवतात. आज पुढच्या दातांशिवाय आईची शीळ वाजलीच नाही.

तिच्याबरोबर बुड्या मारणाऱ्या सुन्हीमावशी ओरडल्या, "म्हातारे, जिवंत आहेस हे कळायचं कसं?"

आई हसली, "नुसती तरंगले तर गेले समजा!"

मला तिची काळजी होती, की किनाऱ्यावर ताटकळण्याचा कंटाळा?

तुझी मिसन

उद्या: आई पाण्यात उतरण्याआधी तिला खरं सांगायचं.